दाते मासामुने खरंच एवढा भारी होता का?

प्रश्न साधारण असा आहे: गेम्स, ॲनिमे, रील्स, मोबाईलचे वॉलपेपर, जिकडे बघावं तिकडे तो एका डोळ्यावर पट्टी आणि हेल्मेटवर सोनेरी चंद्रकोर असलेला दाते मासामुने, सोळाव्या-सतराव्या शतकातला जपानी सरदार, दिसतो, तर जपानच्या इतिहासात तो खरंच नोबुनागा, हिदेयोशी, इएयासु ह्या जपान एका छत्राखाली आणणाऱ्या तिघांच्या पंगतीत बसणारा माणूस होता की ही सगळी नुसती हवा आहे? आणि जोडीला, 'वीस वर्षं आधी जन्मला असता तर अख्खा जपान त्यानेच जिंकला असता' हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं त्यात तथ्य किती?

मी पुण्यात जपानी शिकवते, दुभाषाचं काम करते, आणि शिकायला सेंदाईत राहिलेली आहे, म्हणजे अगदी ह्याच मासामुनेनं वसवलेल्या शहरात. तोहोकु युनिव्हर्सिटीचा कावाउची कॅम्पस त्याच्या किल्ल्याच्याच जागेवर आहे. त्यामुळे हा माणूस माझ्या मानगुटीवर कायमचा बसलेला आहे असं समजा. (आणि हो, आपल्या दाते पंचांगाशी त्याचा काही संबंध नाही, दर बॅचला कोणीतरी विचारतंच.)

आधी सरळ उत्तर देते. लढवय्या म्हणून त्याला आज जेवढं डोक्यावर घेतलंय तेवढा तो मोठा नव्हता. नोबुनागा वगैरेंच्या पंगतीत तर अजिबातच नाही. पण म्हणून 'ओव्हररेटेड' म्हणून निकालात काढायलाही मी तयार नाही, कारण ज्या कामात तो खरंच पहिल्या दर्जाचा होता ते काम कुठल्याच गेममध्ये दाखवत नाहीत. नद्या वळवणं, पडीक जमीन लागवडीखाली आणणं, तांदूळ विकणं, शहर उभं करणं. तलवारीबद्दल त्याला जास्त मार्क मिळालेत आणि तांदळाबद्दल कमी, असं माझं सरळ मत आहे.

आता लढायांचा हिशोब बघू. जन्म १५६७, योनेझावा. लहानपणी देवी आल्या आणि उजवा डोळा गेला. १५८४ मध्ये बाप तेरुमुने बाजूला झाला आणि कारभार ह्या सतरा वर्षांच्या पोराच्या हातात आला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या की जपानच्या उत्तरेला, म्हणजे तोहोकुमध्ये, त्या काळी सगळे सरदार एकमेकांचे सोयरे होते, कोणाची बहीण ह्याच्याकडे, कोणाची मुलगी त्याच्याकडे, त्यामुळे भांडणं व्हायची, चार गावं इकडची तिकडे जायची आणि मग कोणीतरी मामा-काका मध्ये पडून तह करून द्यायचा. मासामुनेनं हा रिवाजच मोडला. १५८५ ला ओदेमोरी नावाचा छोटासा किल्ला घेतला आणि आतल्या बायका, पोरं, अगदी कुत्रीसुद्धा मारली, आणि हे कोणा शत्रूनं लिहून ठेवलेलं नाही, त्यानं स्वतः आपल्या मामाला, मोगामी योशिआकीला, पत्रात फुशारकीनं कळवलंय, आकडा हजाराच्या वर. दुसऱ्या पत्रात आकडा वेगळा आहे. म्हणजे कत्तल केली आणि वर ती फुगवूनही सांगितली. हे रील्सवर येत नाही.

त्याच वर्षी एक शत्रू भेटायला म्हणून आला आणि बापालाच उचलून घेऊन गेला, त्या पाठलागात बाप मेला, मासामुनेच्या माणसांच्याच गोळ्यांनी मेला असं एक वर्णन आहे. लगेच पुढे हितोतोरिबाशीची लढाई, समोर साताके वगैरेंची कितीतरी मोठी फौज, आणि तिथे तो वाचला तो शौर्यानं कमी आणि शत्रू रातोरात माघारी फिरला म्हणून जास्त. मग १५८९ ला सुरिआगेहारा. हा मात्र खणखणीत विजय, आशिना घराणं संपलं, आइझु ताब्यात आलं, वय एकवीस. जे काही 'उत्तरेचा राजा' म्हणून त्याचं कौतुक होतं ते ह्या लढाईच्या जिवावर. आणि हे राज्य टिकलं किती? जेमतेम वर्षभर.

कारण तोपर्यंत हिदेयोशीनं दक्षिणेपासून मध्य जपानपर्यंत सगळं खिशात घातलं होतं आणि सरदारांनी आपापसात लढायचं नाही असा हुकूम काढला होता. मासामुनेनं आइझु घेतलं ते हा हुकूम मोडून. १५९० मध्ये हिदेयोशीनं ओदावाराला वेढा घातला, सगळ्या सरदारांना हजर व्हा म्हणून निरोप गेले, आणि आपले हे साहेब वेढा पडून दोन महिने होऊन गेल्यावर पोचले, म्हणजे वरातीमागून घोडं. पांढरे मरणाचे कपडे घालून हिदेयोशीपुढे गेला असं सांगतात, आणि हिदेयोशीनं काठी मानेला लावून 'अजून थोडा उशीर केला असतास तर हे उडालं असतं' असं म्हटलं असंही सांगतात. दोन्ही किस्से नंतरचे, पण निकाल पक्का आहे: मान वाचली, आइझु गेलं. त्याच वर्षाच्या शेवटी शेजारच्या कासाई-ओसाकी मुलखात बंड झालं, त्याला आतून ह्याचीच फूस असल्याचा संशय आला, चौकशी झाली, आणि शेवटी बापजाद्यांचं योनेझावासुद्धा काढून घेऊन त्याला बंडात उद्ध्वस्त झालेल्या त्याच मुलखात पाठवलं.

ह्या चौकशीचा तो प्रसिद्ध किस्सा तुम्ही ऐकला असेल. बंडखोरांना लिहिलेलं पत्र हिदेयोशीनं पुढे टाकलं तेव्हा मासामुने म्हणाला, माझ्या सहीत धोबी पक्षी असतो आणि खऱ्या सहीतल्या पक्ष्याच्या डोळ्यात मी सुईनं भोक पाडतो, ह्यात भोक नाही, सबब पत्र खोटं. किस्सा झकास आहे. भानगड एवढीच की त्याची ढीगभर पत्रं आज शिल्लक आहेत, पक्ष्याची सही असलेली पण आहेत, आणि अभ्यासकांना ते भोक काही सापडलेलं नाही.

मग १६००. जपानचा मालक कोण हे जिथे ठरलं आणि इएयासु जिंकला त्या सेकिगाहाराच्या मैदानावर तो नव्हताच, तो उत्तरेत उएसुगी घराण्याला अडकवून ठेवायच्या कामावर होता. इएयासुनं त्याला जवळजवळ पन्नास लाख... नाही, थांबा, शून्य जास्त पडलं, जवळजवळ पाच लाख कोकुंची जास्तीची जमीन देतो असं लिहून दिलं होतं, ती मिळाली असती तर तो दहा लाखांच्या वर गेला असता. (एक कोकु म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा. सरदाराची ऐपत ह्यातच मोजायचे.) पण ह्या बहाद्दरानं त्याच गडबडीत शेजारच्या नाम्बु घराण्याच्या हद्दीत बंड पेटवायला मदत केली, ते उघडकीला आलं, आणि पदरात काय पडलं तर शिरोइशीच्या बाजूचे वीस हजार कोकु. पुढे किरकोळ भर पडून एकूण ६ लाख २० हजार. तोकुगावांच्या, म्हणजे इएयासुच्या घराण्याच्या, राज्यात हा आकडा मोठाच आहे, मोठ्या सरदारांत माएदा आणि शिमाझुंच्या खालोखाल तिसरा. पण बघा, हिदेयोशीच्या वेळी जे केलं तेच दहा वर्षांनी परत केलं. हावरेपणा नडला, दोनदा नडला.

१६१५ ची, हिदेयोशीच्या मुलाविरुद्धची, ओसाकाची शेवटची मोहीम राहिली. तिथे सानादा नोबुशिगे, म्हणजे गेममधला युकिमुरा, आणि दातेंची फौज समोरासमोर आली, दातेंच्या आघाडीवर काताकुरा शिगेनागा होता आणि तो चांगला लढला. त्याच मोहिमेत दातेंच्या बंदुकांनी आपल्याच बाजूच्या एका छोट्या तुकडीला भाजून काढल्याचा आरोप झाला. झालं, लढायांचा अध्याय संपला. ह्या सगळ्यात जपानचं भवितव्य बदललं अशी एकही लढाई नाही.

आता ते 'वीस वर्षं आधी'. हा मुद्दा मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, आणि विचारणाऱ्यानं एकदा तरी त्याच्या आजोबांबद्दल वाचावं असं मला वाटतं. समजा तो १५४७ ला जन्मला. त्या वेळी दाते घराण्यात काय चाललं होतं? पणजोबा तानेमुने आणि आजोबा हारुमुने, बाप आणि लेक, एकमेकांविरुद्ध लढत होते! १५४२ ते १५४८, सहा वर्षं, आणि अख्खं तोहोकु त्यात दोन बाजूंनी वाटलं गेलं. घराण्याची पार दैना झाली, मांडलिक सुटे झाले. ती घडी परत बसवली बाप तेरुमुनेनं, शांतपणे, वर्षानुवर्षं, नोबुनागाशी सुद्धा त्यानं पत्रव्यवहार ठेवला, भेटवस्तू पाठवल्या. मासामुनेच्या हातात १५८४ मध्ये जे आलं ते ह्या बापाचं आयतं होतं. वीस वर्षं आधी जन्मला असता तर हे आयतं नसतं, मोडकं घर मिळालं असतं. वर भूगोल: राजधानी क्योतोपर्यंत शेकडो किलोमीटरची वाट, मध्ये उएसुगी, ताकेदा, होजो असे एक से एक बसलेले, आणि हिवाळ्यात योनेझावाला बर्फ असं पडतं की घोडं जाऊ दे, माणूस बाहेर पडायची मारामार. नोबुनागा ओवारीचा होता, क्योतोच्या वाटेवरच. ह्या फरकाला जन्मतारखेचा उपाय नाही.

तर मग एवढी प्रसिद्धी आली कुठून? इथे खरी मजा आहे, आणि माझ्या मते ह्या प्रश्नाचा गाभा हाच आहे.

पहिली गोष्ट, मार्केटिंग त्यानं स्वतःच सुरू केलं. १५९२ ला कोरियाच्या स्वारीसाठी हिदेयोशीनं दीड हजार माणसं आण सांगितलं, हा तीन हजार घेऊन क्योतोत शिरला, असा काही नटूनथटून की बघायला आलेल्या लोकांची बोटं तोंडात गेली. काळं चिलखत आणि ती उजव्या-डाव्या बाजूनं लांबीला कमी-जास्त असलेली सोनेरी चंद्रकोर, हे खरं आहे, ते चिलखत आजही सेंदाईच्या म्युझियममध्ये आहे आणि समोर उभं राहिलं की कळतं की चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला 'लोगो' म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं.

दुसरी, तो जगला. नुसता जगला म्हणून अर्धी प्रसिद्धी आहे. नोबुनागा १५८२ ला गेला, हिदेयोशी १५९८, इएयासु १६१६. मासामुने १६३६ पर्यंत होता. तिसरा शोगुन (म्हणजे देशाचा लष्करी राज्यकर्ता) इएमित्सु हा शांततेत जन्मलेला पोरगा, त्याला जुन्या लढायांच्या गोष्टी ऐकायची भारी हौस, आणि त्या सांगायला दरबारात उरलं कोण तर हा म्हातारा. सगळे साक्षीदार वर गेल्यावर गोष्ट सांगणाऱ्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट, घराणं टिकलं. दाते १८७१ पर्यंत सेंदाईचे मालक राहिले, त्यांनी स्वतःचा अधिकृत इतिहास लिहून घेतला, कागदपत्रं नीट ठेवली. आता त्याचा मामा मोगामी योशिआकी बघा. यामागाताचा सरदार, १६०० मध्ये उएसुगींचा खरा मार त्यानं खाल्ला, ५ लाख ७० हजार कोकुंपर्यंत पोचला, मोगामी नदीतून नावा चालतील अशी व्यवस्था केली, यामागाता शहर उभं केलं. कशातही भाच्यापेक्षा फार कमी नाही. पण १६१४ ला तो वारला आणि आठ वर्षांत घरातल्या भांडणांमुळे शोगुननं संस्थानच काढून घेतलं. कागद विखुरले, बाजू मांडणारं कोणी उरलं नाही, आणि गोष्टींमध्ये तो कपटी मामा होऊन बसला. आपल्याला कपटी मामा ओळखीचाच असतो म्हणा. तसंच त्याची बहीण, म्हणजे मासामुनेची आई योशिहिमे: १५९० ला तिनं धाकट्या मुलासाठी मासामुनेला विष घातलं आणि माहेरी पळाली असं घराण्याचा अधिकृत इतिहास सांगतो, पण ती १५९४ पर्यंत दातेंकडेच होती असं त्या काळच्या एका पत्रावरून दिसतं. मग विषाची गोष्ट कितपत खरी? आणि म्हातारपणी माहेरचं संस्थान बुडाल्यावर ती आली कुठे, तर ह्याच मुलाकडे, सेंदाईला.

प्रसिद्धी आणि महत्त्व हे किती वेगळं असतं त्याचं उदाहरण पुण्यातच आहे. सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात तुम्ही गेला असाल, फोटो पण काढले असतील. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय आणि ती मूळ बाग १७०० च्या सुमाराला इकेदा त्सुनामासा नावाच्या सरदारानं करून घेतली. दातेच्या निम्म्या ऐपतीचा सरदार, पण त्याच्या कल्पनेतल्या बागेत रोज शेकडो मराठी माणसं फिरतात. नाव कोणाला माहितीये? त्याच्या डोळ्यावर पट्टी नव्हती ना.

पट्टीवरून आठवलं. त्या काळच्या कुठल्याही चित्रात किंवा लिखाणात मासामुनेच्या डोळ्यावर पट्टी नाही. विसाव्या शतकातल्या सिनेमांनी ती चिकटवली. उलट त्यानं स्वतः सांगून ठेवलं होतं की माझी चित्रं, मूर्ती करायच्या तर दोन्ही डोळे दाखवा. 'एकाक्ष ड्रॅगन' ही जी पदवी आहे ना, तीसुद्धा त्याच्या मरणानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी राई सान्यो ह्या पंडिताच्या कवितेमुळे लोकांच्या तोंडी बसली. ग्रुप घेऊन सेंदाईच्या किल्ल्यावर गेलं की दरवेळी हा सीन होतो: किल्ल्यावर खरं तर किल्ला नाहीच, मोकळं पठार, वारा भणाणत असतो, मध्ये तो घोड्यावरचा पुतळा, आणि ग्रुपमधलं कोणीतरी तरुण पोर पुतळ्याला पूर्ण फेरी मारून येतं आणि माझ्याकडे बघतं. मॅडम, पट्टी कुठाय? मग मी समोरच्या दुकानाकडे बोट दाखवते. तिथे पट्टीवाला मासामुने टीशर्टवर, कीचेनवर, बिस्किटाच्या डब्यावर. पुतळा तरी कुठे जुना आहे, मूळचा १९३५ चा, युद्धात धातूसाठी वितळवला, १९६४ ला परत ओतला, आणि २०२२ च्या भूकंपात वाकडा झाला म्हणून दुरुस्तीला नेला होता. १९७४ ला त्याची समाधी उकरली तेव्हा सांगाड्यावरून उंची निघाली १५९.४ सेंटिमीटर, तेव्हाच्या मानानं बरी, गेममधल्या सहाफुटी मॉडेलच्या मानानं... जाऊ दे.

बाकीची हवा गेल्या चाळीस वर्षांतली. १९८७ ला एनएचके ह्या जपानच्या सार्वजनिक वाहिनीनं त्याच्यावर वर्षभराची मालिका केली, केन वातानाबे मुख्य भूमिकेत, सरासरी ३९.७ टक्के प्रेक्षक, त्या प्रकारच्या मालिकांमध्ये हा विक्रम अजून मोडलेला नाही. तोहोकुमध्ये पर्यटनाची लाट आली. मग २००५ ला कॅपकॉमचा सेनगोकु बसारा गेम आला, त्यात हा सहा तलवारी बोटांत धरतो आणि मध्येच इंग्लिश फेकतो, आणि जपानमधल्या तरुण मुलींमध्ये इतिहासाचं जे वेड पसरलं त्याचा हा पोस्टरबॉय झाला. प्रकरण कुठवर गेलं तर २००९ च्या मियागी प्रांताच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत 'मतदानाला या' म्हणून जे पोस्टर लागलं त्यावर ह्या गेममधला मासामुने होता! सरकारी खातं, सरकारी पैसा, आणि पोस्टरवर सहा तलवारींचा हिरो. माझ्या क्लासमधली निम्मी पोरं ह्याच गेमच्या नाहीतर त्याच्या ॲनिमेच्या रस्त्यानं जपानीकडे आलेली असतात, त्यामुळे मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू? पट्टी बघून आलेला माणूस शेवटी कानजी (जपानी लिपीतली चित्राक्षरं) शिकतो, माझं काही म्हणणं नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. १६०१ ला त्यानं सेंदाई बांधायला घेतलं, तेव्हा त्याच्याकडे काय होतं? मोठी फौज, जी आता लढणार नाही, आणि पोसायला पैसा नाही. खाली दलदल, जंगल, बंडांत उजाड झालेली गावं. बहुतेक सरदारांनी पुढे सैनिकांना कोठारातून तांदळाचा पगार देणं सुरू केलं. सेंदाईत मात्र सैनिकांना जमिनीच दिल्या, त्यातल्या बऱ्याचशा पडीक: घ्या, साफ करा, पिकवा, पहिली काही वर्षं सारा माफ. म्हणजे तलवारवाल्यांच्या हातात कुदळ दिली. ह्यात त्याची सोयही होती, एवढी माणसं काढून न टाकता गावोगाव पसरून ठेवता आली, वेळ आलीच तर परत बोलावता येतील.

मग पाणी. किताकामी ही जपानमधली मोठी नदी, दर पावसाळ्यात मैदानात लोळायची. मासामुनेनं कावामुरा मागोबेई नावाचा माणूस कामावर ठेवला, मूळचा पार पश्चिमेच्या मोरी घराण्याचा, सेकिगाहारानंतर मोरींची जमीन कापली गेली तेव्हा बेकार झालेला. १६२० च्या दशकात ह्या मागोबेईनं किताकामी, हासामा आणि एआई ह्या तीन नद्या एकत्र आणून इशिनोमाकीला समुद्रात सोडल्या. त्यानं पूर तर कमी झालाच पण खरा डाव वेगळा होता: आतल्या भागातला तांदूळ नावेत भरायचा, नदीनं सरळ इशिनोमाकीला, तिथून जहाजानं एडोला, म्हणजे आजच्या टोकियोला. एडो तेव्हा वेड्यासारखं वाढत होतं, खाणारी तोंडं लाखांनी आणि आजूबाजूला पिकतं किती? पुढे शेतकऱ्याकडचा उरलेला तांदूळसुद्धा संस्थानानंच विकत घ्यायचा आणि एडोच्या बाजारात विकायचा अशी पद्धत पक्की झाली आणि एडोच्या ताटात सेंदाईचा तांदूळ मोठ्या प्रमाणात जायला लागला. कागदावर ६ लाख २० हजार कोकु, पण नवीन जमीन धरून प्रत्यक्ष उत्पन्न पुढे दहा लाखांच्या आसपास गेलं असं मानतात. इएयासुनं जे दिलं नाही ते ह्यांनी चिखलातून काढलं. इशिनोमाकीत अजून दर ऑगस्टला मागोबेईच्या आठवणीचा नदीचा उत्सव होतो. मागोबेई कुठल्या गेममध्ये आहे का? असला तर कळवा.

सगळं गोडगोड होतं असंही नाही. एकाच पिकावर आणि एकाच बाजारावर संस्थान उभं केल्याचा फटका पुढच्या पिढ्यांना बसला, थंड उन्हाळा आला की भाताचं पीक हातचं जायचं आणि तोहोकुमध्ये अठराव्या शतकात भयंकर दुष्काळ पडले. त्याचा दोष सगळा मासामुनेवर टाकता येणार नाही, पण पाया त्यानं घातला हेही खरं.

राहता राहिली ती युरोपची मोहीम, कारण त्याच्यावर सर्वात जास्त बाता मारल्या जातात. १६१३ च्या ऑक्टोबरात त्सुकिनोउराहून त्यानं बांधून घेतलेलं जहाज निघालं, आपला माणूस हासेकुरा त्सुनेनागा आणि फ्रान्सिस्कन पाद्री सोतेलो, पॅसिफिक ओलांडून आकापुल्को, मेक्सिकोतून स्पेन, तिथे तिसऱ्या फिलिपची भेट, हासेकुराचा बाप्तिस्मा, आणि नोव्हेंबर १६१५ ला रोममध्ये पोप पाचवा पॉल. (ह्याच्या आधी १५८२ ला क्युशूच्या सरदारांनी चार मुलं रोमला पाठवली होती, ती आपल्या गोव्यावरून गेली आणि गोव्यावरूनच परत आली. हासेकुरा उलट्या दिशेनं गेला.) ऑनलाइन हमखास सापडणारी थिअरी म्हणजे स्पेनचं आरमार आणून तोकुगावांना उलथवायचा हा कट होता. ह्यावर वाद आहे, पण ते जहाज शोगुनच्या परवानगीनं आणि शोगुनकडून आलेल्या सुतारांच्या मदतीनं बांधलं होतं, कट करणारा माणूस सरकारी सुतार बोलावेल का? मेक्सिकोशी थेट व्यापार हा सरळ हेतू पटण्यासारखा आहे. आणि एक गोष्ट २०११ च्या त्सुनामीनंतर लोकांच्या जास्त लक्षात आली, की डिसेंबर १६११ ला सेंदाईच्या किनाऱ्यावर असाच भूकंप आणि त्सुनामी आली होती, दातेंच्या नोंदीप्रमाणे १७८३ माणसं गेली, आणि जहाजाची तयारी त्याच्या लगेच नंतरची आहे. काही इतिहासकार त्यामुळे ह्या मोहिमेकडे बुडालेला मुलूख परत उभा करायची धडपड म्हणून बघतात. मला हे पटतं.

हाती काय लागलं? काहीच नाही. हासेकुरा १६२० ला परत आला तोवर जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती, मासामुनेनंही लगोलग आपल्या मुलखात बंदी घातली, आणि १६२४ च्या हिवाळ्यात काऱ्व्हाल्यो नावाच्या पोर्तुगीज पाद्र्याला आणि त्याच्याबरोबरच्या माणसांना सेंदाईच्या हिरोसे नदीच्या गोठलेल्या पाण्यात उभं करून मारलं. मी ती नदी रोज सायकलवरून ओलांडायचे, काठावर दगड आहे, फारसं कोणी थांबत नाही. स्पेनमध्ये सेव्हिलजवळ कोरिया देल रिओ गावात मात्र आजही 'हापोन' म्हणजे जपान आडनावाची माणसं आहेत, हासेकुराच्या ताफ्यातल्या मागे राहिलेल्या लोकांचे वंशज म्हणून ती स्वतःला ओळखतात.

मग क्रम कुठे लावायचा? देश घडवणारे म्हणून नोबुनागा, हिदेयोशी, इएयासु, हे वेगळेच. त्यांच्या मागच्या रांगेत, राज्य चालवायच्या पद्धती ज्यांनी घालून दिल्या ते होजो, मोरी वगैरे. लढाया आणि राजकारण एवढंच बघितलं तर मासामुने त्या मागच्या रांगेच्या शेवटाला. पण संस्थान उभं करणारा सरदार म्हणून कातो कियोमासा, तोदो ताकातोरा अशांच्या बरोबरीनं मी त्याला अगदी पुढे बसवीन. गेमवाल्यांना ही यादी आवडायची नाही.

आणि तुम्हाला त्याच्याबद्दल खरंच वाचायचं असेल तर लढायांच्या आधी त्याची पत्रं बघा. त्या काळी सरदार लेखनिकाकडून लिहून घ्यायचे, हा गडी भरपूर पत्रं स्वतःच्या हातानं लिहायचा आणि वाचून झाल्यावर जाळून टाक असं बजावायचा, समोरच्यांनी अर्थातच जाळली नाहीत. एक पत्र तादानो साकुजुरो ह्या तरुण सेवकाला आहे. दारूच्या नशेत मासामुनेनं त्याच्यावर बेइमानीचा, म्हणजे प्रेमातल्या बेइमानीचा, आळ घेतला, त्या पोरानं निष्ठा दाखवायला स्वतःच्या हाताला जखम करून रक्तानं शपथ लिहून पाठवली, आणि हा घाबराघुबरा होऊन माफी मागतोय: मी पण माझ्या मांडीला किंवा दंडाला तशीच जखम करून घेतली असती रे, पण आता मला नातवंडं आहेत, आंघोळीच्या वेळी पोरांनी बघितली तर म्हणतील म्हाताऱ्याला हे काय सुचलं. सेंदाईला गेलात तर पुतळा दहा मिनिटांत उरका आणि खाली उतरून सिटी म्युझियममध्ये जा, चिलखत तिथेच आहे, हासेकुरानं रोमहून आणलेल्या वस्तू तिथेच आहेत. जायच्या आधी वेबसाइटवर काय मांडलंय ते बघून घ्या, अस्सल गोष्टी वर्षभर बाहेर ठेवत नाहीत.